मिकी सगळीकडे मिळतो, तिथलं काय मिळतं?

पुण्यात आता जवळपास प्रत्येक सोसायटीत एखादं तरी घर असं असतं की ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत आहे, आणि आईबाबा तिकडे गेले की फ्लोरिडाची ट्रिप ठरलेलीच, डिस्नी वर्ल्ड बघितल्याशिवाय परत यायचं नाही. आल्यावर बॅगा उघडतात आणि त्यातून निघतं काय, तर मिकीचा टी-शर्ट, मिकीचं किचेन, मिकीचा मग. वस्तू वाईट नसतात, कापड चांगलं असतं, मग दणकट असतो. पण अगदी तसंच विमाननगरच्या मॉलमध्ये मिळतं, ऑनलाइन मिळतं, आणि त्याची नक्कल तुळशीबागेत घासाघीस करून दीडशे रुपयांत मिळते. मग एवढे डॉलर घालून, 23 किलोच्या बॅगेत कोंबून, अर्ध्या जगावरून नेमकं आणलं काय?

विषय किरकोळ वाटेल, पण मला तो तसा वाटत नाही. आपण कुठे जाऊन आलो की तिथलं काहीतरी घेऊन यायचं ही आपल्या हाडामासी खिळलेली गोष्ट आहे. पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे, जेजुरीहून भंडारा, काशीहून गंगेचा सीलबंद गडू, आणि ते शेजारपाजारी वाटल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटतच नाही. भंडारा म्हणजे शेवटी हळदच ना, ती मार्केट यार्डातही मिळते, पण जेजुरीच्या गडावरून आलेली पुडी आणि वाण्याकडची पुडी एक आहे असं कुणी म्हणून दाखवा. वस्तूची खरी किंमत तिच्या जागेत असते. आणि मोठमोठ्या थीम पार्क कंपन्यांनी गेल्या काही दशकांत जे घालवलंय ते नेमकं हेच आहे, आणि आता आपल्याकडची पार्कंसुद्धा डोळे झाकून त्याच वाटेने चाललीयेत, म्हणून हा लेख.

आधी तिकडचं बघू. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड 17 जुलै 1955 ला उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नीकडे पैशांची ओढाताण होती, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या जो मेन स्ट्रीट लागतो तिथली बरीच दुकानं त्याने बाहेरच्या लोकांना भाड्याने दिली. झालं असं की त्या रस्त्यावर खरोखरच्या गावासारखी सरमिसळ तयार झाली. एक औषधाचं दुकान होतं, अपजॉन कंपनीचं, तिथे व्हिटॅमिनच्या गोळ्यांची चिमुकली बरणी फुकट मिळायची. जादूच्या सामानाचं दुकान होतं, तंबाखूचं दुकान होतं, इतकंच काय बायकांच्या अंतर्वस्त्रांचं दुकानसुद्धा होतं, ते मात्र वर्षभरातच बंद पडलं. काचेच्या नळ्या आगीवर धरून समोर हंस करून देणारे कारागीर नंतर आले. आणि कात्रीने काळ्या कागदातून तुमच्या चेहऱ्याची बाजू कापून देणारे कलाकार, ते तर अजूनही आहेत, माणूस समोर उभा राहतो, ते एक नजर टाकतात, पेन्सिलीची रेघसुद्धा मारत नाहीत, कात्री थांबत नाही, कागदच फिरत राहतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत तुमचं नाक, तुमची हनुवटी, तुमच्या वेणीचं टोक हातात येतं. हे घरी आणून फ्रेम केलं की विषयच संपला, असं दुसरं जगात कुठेच नाही कारण ते तुम्हीच आहात.

मग हळूहळू दुकानं कंपनीने स्वतःकडे घेतली. फ्लोरिडाचं डिस्नी वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 ला सुरू झालं, तिथेही मेन स्ट्रीटवर जादूचं दुकान होतं, नाणं टाकून खेळायच्या जुन्या मशिनांचं पेनी आर्केड होतं, आणि 1990 च्या दशकात ती दोन्ही गेली. 2001 मध्ये एम्पोरियम नावाचं मोठं दुकान आणखी पसरलं आणि शेजारची एक छोटी गल्लीच पोटात घेऊन बसलं. बाहेरून बघाल तर अजून वेगवेगळ्या घरांचे दर्शनी भाग, वेगळे रंग, वेगळ्या पाट्या. आत शिराल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच दुकान, तोच माल.

हॉटेलांचं तर मला जास्त वाईट वाटतं. डिस्नी वर्ल्डची वीसहून जास्त रिसॉर्ट हॉटेलं आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची थीम आहे, पॉलिनेशियन हे दक्षिण समुद्रातल्या बेटांसारखं, वाइल्डरनेस लॉज लाकडी ओंडक्यांचं. लोक तिथे एका रात्रीला आपल्याकडच्या महिन्याच्या भाड्याइतके पैसे मोजतात ते त्या थीमसाठीच ना? पूर्वी हॉटेलात पुन्हा पुन्हा कॉफी भरून घ्यायचा प्लॅस्टिकचा मग मिळायचा त्याच्यावर त्या त्या हॉटेलचं चित्र असायचं, नंतर सगळ्या हॉटेलांना एकच मग. हॉटेलच्या पाहुण्यांना मनगटात घालायचा मॅजिकबँड फुकट मिळायचा, तो जानेवारी 2021 पासून बंद, आता हवा तर विकत घ्या. बऱ्याच टी-शर्टांवर तर नुसतं 'डिस्नी पार्क्स', म्हणजे फ्लोरिडाला जा नाहीतर कॅलिफोर्नियाला जा, छातीवर अक्षरं तीच. सन्माननीय अपवाद आहेत, अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या झवाडी नावाच्या दुकानात आजही आफ्रिकेतल्या कारागिरांच्या हातच्या वस्तू मिळतात. पण त्याचं नाव अपवाद म्हणून घ्यावं लागतं यातच सगळं आलं.

हे असं का होतं ते समजायला फार मोठं अर्थशास्त्र लागत नाही. एकच डिझाइन पन्नास हजार नग छापलं की नगामागे खर्च कमी पडतो, पाच हजाराची दहा डिझाइन्स केली की प्रत्येकाचा वेगळा साचा, वेगळी मंजुरी, वेगळा कोड, वेगळा स्टॉक. एका दुकानात खपलं नाही तर तोच माल दुसऱ्या दुकानात हलवता येतो, तिथेही राहिला तर आउटलेटमध्ये, नाहीतर वेबसाइटवर. पण 'वाइल्डरनेस लॉज' लिहिलेला राहिलेला मग पॉलिनेशियनमध्ये कोण घेणार? खरेदी खात्यातल्या माणसाच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच केलं असतं. मला राग त्या माणसाचा येत नाही, त्याच्या वर जे बसलेत त्यांचा येतो, कारण त्यांना दिसायला हवं की नगामागे वाचवलेले पैसे दिसतात पण गिऱ्हाइकाच्या मनातून गेलेली ओढ कुठल्याच कागदावर दिसत नाही. एकदा माणसाला कळलं की हे घरी जाऊनही मागवता येईल की तो म्हणतो 'बघू नंतर', आणि नंतर कधीच बघत नाही.

माझ्या भावाची मुलगी सहावीत आहे. तिला नातेवाइकांनी ऑर्लंडोहून, म्हणजे डिस्नी वर्ल्डच्या गावाहून, टी-शर्ट आणला, तिने तो अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "आत्या, हा सेम ऑनलाइन आहे, थांब तुला दाखवते," आणि खरंच दाखवला. त्याच बॅगेतून तिला एक चेपलेलं नाणं मिळालं होतं, ते मात्र तिने कंपासपेटीत ठेवलं, शाळेत नेलं, जो येईल त्याला दाखवलं. ते नाणं कसं होतं ते सांगते कारण मला त्यातच सगळं उत्तर दिसतं. अमेरिकन पार्कांत काचेची एक पेटी असते, आत दातेरी चाकं उघडी दिसतात, बाहेर गाडीच्या स्टिअरिंगएवढं चाक. पूर्वापार रीत अशी की दोन क्वार्टर म्हणजे 25 सेंटची नाणी आणि एक पेनी म्हणजे एका सेंटचं नाणं टाकायचं, एकूण 51 सेंट, आणि चाक स्वतः जोर लावून फिरवायचं. पेनी दोन रोलरमध्ये जाते आणि पलीकडून लांबट, पातळ, पानासारखी होऊन खळकन खाली पडते, एका बाजूला नवीन चित्र आणि दुसऱ्या बाजूला लिंकनचा चेहरा ताणून पुसट झालेला. 1982 नंतरच्या पेन्या आतून जस्ताच्या, वर फक्त तांब्याचा मुलामा, त्यामुळे त्या चेपल्या की मधेमधे पांढरे ओरखडे दिसतात, म्हणून शौकीन लोक घरून 1982 च्या आधीच्या, घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या पेन्या घेऊन जातात. आणि मुख्य गोष्ट, प्रत्येक पेटीतली चित्रं वेगळी. या राइडच्या बाहेर हे चित्र, त्या हॉटेलच्या लॉबीत ते चित्र. अर्ध्या डॉलरची वस्तू, पण ती मिळवायला त्या जागी जाऊन चाक फिरवावंच लागतं. हल्ली बऱ्याच पेट्या बटणावर आणि कार्डावर चालतात, नोव्हेंबर 2025 मध्ये तर अमेरिकेने चलनासाठी पेनी पाडणंच बंद केलं, तरीही लहान मुलांची गर्दी या पेट्यांपाशी असतेच.

म्हणजे खास वस्तू म्हटली की ती महागच असणार हा समज चुकीचा आहे. ती तिथलीच असली पाहिजे एवढंच.

जपानने हे नीट ओळखलंय. तिथलं टोकियो डिस्नी रिसॉर्ट डिस्नी स्वतः चालवत नाही, ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी परवाना घेऊन चालवते. प्रवासाहून येताना ऑफिसातल्या, शेजारच्या लोकांसाठी तिथला खाऊ आणायची जपान्यांची पद्धत आपल्यासारखीच घट्ट, त्यामुळे पार्कातल्या बिस्किटांचे, चॉकलेटांचे डबेसुद्धा ते इतके सुंदर छापतात की खाऊ संपला तरी डबा टाकवत नाही. आणि डफीची गोष्ट तर प्रत्येक पार्कवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावी. हे अस्वल मुळात 2002 मध्ये फ्लोरिडात 'डिस्नी बेअर' म्हणून आलं, शेकडो बाहुल्यांमधली आणखी एक बाहुली, कुणाला फारसं कौतुक नाही. 2005 मध्ये टोकियो डिस्नीसी या समुद्र-बंदरांच्या थीमच्या पार्कमध्ये त्याला डफी हे नाव मिळालं, मिनीने मिकीच्या समुद्रप्रवासासाठी शिवून दिलं अशी गोष्ट मिळाली, आणि ते तिथे, त्या बंदरावरच मिळायला लागलं. लोक वेडे झाले. त्याच्यासाठी कपडे शिवायला लागले, मग त्याच्या मैत्रिणी आल्या, मित्र आले. हे यश बघून 2010 मध्ये अमेरिकेत डफी परत आणला, तर काही वर्षांत गुंडाळावा लागला! अस्वल तेच होतं. तिकडे ते एका जागेचं झालं होतं, इकडे फक्त फळीवर आलं.

आता यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही बिनबुडाचे नाहीत. पहिला असा की सगळ्यांना ऑर्लंडो किंवा टोकियो परवडत नाही, एखादा आजारी असतो, एखाद्याला व्हिसा मिळत नाही, त्याला घरबसल्या मिळालं तर तुमचं काय गेलं? काहीच गेलं नाही. मिकीचं काहीही घरबसल्या मिळू दे, जरूर मिळू दे, मिकी सगळ्यांचा आहे. पण पॉलिनेशियनच्या लॉबीची वस्तू ही तिथे राहिलो याची खूण आहे, ती न जाता मिळाली तर ती खूणच उरत नाही, जाणाऱ्यालाही नाही आणि न जाणाऱ्यालाही नाही. टोकियोवाल्यांनी यावर छान तोडगा काढलाय, त्या दिवशी जो पार्कात आलाय त्याला अ‍ॅपवरून त्याच दिवशी माल ऑर्डर करून घरी पाठवता येतो. ओझं वाहायला नको, रांग नको, पण आधी आत पाऊल टाकायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, काळ्या बाजाराचा. जानेवारी 2022 मध्ये डिस्नी वर्ल्डच्या एपकॉट पार्कमध्ये फिगमेंट या जांभळ्या ड्रॅगनच्या आकाराची पॉपकॉर्नची बादली आली, किंमत 25 डॉलर, आणि तिच्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले, मुलांना घेऊन, राइड सोडून, आणि लगेच त्या बादल्या इंटरनेटवर कितीतरी पटीने विकायला आल्या. हे बघून लोक म्हणतात की बघा, खास वस्तू काढली की दलालांचंच फावतं. मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दलालाचं फावतं ते संख्या कमी असते म्हणून. कंपन्यांना हल्ली खास म्हटलं की 'लिमिटेड एडिशन'च सुचतं, थोडेच नग काढा, झुंबड उडवा, फोटो व्हायरल करा. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. संख्या हवी तेवढी असू दे, बारा महिने असू दे, दहा वर्षं तीच असू दे, फक्त जागा एक असू दे. चेपलेल्या पेनीचा कुणी काळाबाजार करत नाही कारण पेटी रोज तिथेच असते.

अजूनही मनात आणलं तर या कंपन्यांना जमतं, हेही सांगायला हवं. 2019 मध्ये डिस्नीने गॅलक्सीज एज हा स्टार वॉर्स सिनेमांवरचा भाग उघडला तेव्हा तिथे कोकची बाटलीसुद्धा बॉलसारखी गोल केली आणि वर त्या सिनेमांतल्या काल्पनिक लिपीत अक्षरं छापली. विमानतळ सुरक्षावाल्यांनी आधी ती हातबॉम्बसारखी दिसते म्हणून विमानात न्यायला बंदी घातली आणि मग थोड्याच दिवसांत उठवली. युनिव्हर्सल या दुसऱ्या पार्क कंपनीच्या हॅरी पॉटरवाल्या जादूगारांच्या गावात मिळणारी कांडीही अशीच, ती घरी नुसती काडी आहे पण त्या गल्लीतल्या ठरलेल्या खिडकीपुढे नीट फिरवली की आतल्या वस्तू हलतात. म्हणजे वस्तू घेऊन तुम्ही परत त्या जागी जाता. हे डोकं आहे, हे पैसे वसूल आहेत.

आता आपल्याकडे. लोणावळा, महाबळेश्वर, माथेरान, गोवा, मनाली, सगळीकडे फ्रिजला लावायचं तेच मॅग्नेट, तोच मोल्ड, फक्त नाव बदललेलं. लोणावळ्याची चिक्की पुण्यात चौकाचौकात मिळते त्यामुळे ती आणली तर घरचे नाकं मुरडतात. आपल्याकडच्या एका पार्कच्या दुकानात मी शिरले होते, तिथे प्लॅस्टिकच्या तलवारी, लाइट लागणारे हेअरबँड, उशा आणि कुठल्याही जत्रेत मिळतील त्या टोप्या, बिलाच्या कागदाशिवाय त्या जागेचं नाव सांगणारं काही नाही. आणि त्याच पार्कच्या आत कोट्यवधी रुपयांच्या राइड्स.

चीड याची येते की आपल्याकडे काय नाहीये! इमॅजिकाचंच घ्या. 2013 मध्ये खोपोलीला, पुण्या-मुंबईच्या मधोमध उघडलं, आणि त्यात एक राइड आहे राजासॉरसची. राजासॉरस हा अस्सल भारतीय डायनासोर आहे, त्याची हाडं गुजरातेत राहियोलीला सापडली, 2003 मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं, कपाळावर एक बुटकं शिंग. तो साधारण साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आपला सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हातून झाला तो लाव्हाही त्याच सुमाराचा. म्हणजे पार्कच्या मागे जे काळे कडे दिसतात ते या प्राण्याच्या काळाच्या आसपासचे आहेत! आता पुण्यात रस्त्याकडेला पाथरवट बसलेले असतात, छिन्नी-हातोडीने पाटे-वरवंटे, खलबत्ते घडवणारे, मिक्सरमुळे ज्यांचं गिऱ्हाईक आटलंय. त्यांच्याकडून त्याच काळ्या दगडाचा, मुठीत मावेल एवढा राजासॉरस करून घ्या, ओबडधोबड चालेल, कपाळावरचं शिंग दिसलं म्हणजे झालं. आणि तो फक्त त्या राइडच्या बाहेर विका. जगातल्या कुठल्याही डिस्नीला हे करता येणार नाही.

नाण्याची पेटी इथे चालणार नाही, आपल्याकडे 2011 च्या नाणे कायद्याने चलनी नाणं वितळवायला, नष्ट करायला मनाई आहे. पण त्याची गरजच काय, कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तांब्या-पितळेचं काम करणारी घरं, तांब्यावर लाकडी-लोखंडी हातोड्यांनी एकसारखे ठोके घालून जी चकाकी आणतात त्याला माठारकाम म्हणतात, आळीतून जाताना तो ठोक्यांचा आवाज आधी कानावर येतो. तांब्याच्या कोऱ्या चकत्या तिथून घ्या, पेटी आपली बनवा, प्रत्येक राइडला वेगळा छाप. माझी भाची काय, मी स्वतः चाक फिरवायला रांगेत उभी राहीन. सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत, वारली आहे, पैठणीच्या काठांच्या चिंध्या आहेत. मात्र हे सगळं एकाच दुकानात 'महाराष्ट्रीयन हँडिक्राफ्ट' म्हणून कोंबू नका, नाहीतर परत तेच एम्पोरियम.

रेल्वेने 2022 मध्ये 'एक स्टेशन एक उत्पादन' सुरू केलं, त्या त्या भागातल्या कारागिराला स्टेशनवर छोटा स्टॉल. सरकारी रेल्वेला जे सुचलं ते खासगी पार्कांना का सुचू नये? आणि एमटीडीसीच्या रिसॉर्टांना? पुणे महापालिकेच्या पेशवे पार्कातली फुलराणी 1956 पासून धावतेय, तीन पिढ्या तिच्यात बसल्या, तिचं एक लाकडी इंजिन बाहेरच्या खिडकीवर मिळालं तर आजोबा घेतील, नातू घेईल.

कारागीर तयार होतील का असं विचारतात. तयार होतील, पण पैसे वेळेवर द्यायला लागतील. मोठ्या कंपन्यांची तीन-तीन महिने उधारीची पद्धत पाथरवटाला आणि तांबटाला झेपत नाही, म्हणून ते ऑर्डर घेत नाहीत आणि मग ऑर्डर मॅग्नेटवाल्याला जाते. कायद्याने नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, पण रस्त्याकडेला बसणाऱ्या पाथरवटाकडे 'उद्यम' ही सरकारी नोंदणी कुठून असणार, ती पार्कवाल्यांनीच करून द्यावी, निम्मे पैसे आगाऊ द्यावेत, आणि पहिली ऑर्डर दोनशे दगडांचीच काढावी.